माटोळीची यादी आणि कंपोझ : बदलत्या यादीवर नजर ठेवण्याची रीत

गोव्यात चवथ जवळ आली की घराघरांतून माटोळीची यादी निघते. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या मूर्तीवर बांधायच्या लाकडी चौकटीला, नारळ किती लागतील, सुपारीचे घोस कोण आणील, आंबाडे, चिबूड, तोरिंजन, कवंडळ यांपैकी काय परसात मिळेल आणि कशासाठी बाजार गाठावा लागेल, हे मूळ घरी जमणाऱ्या भावंडांत वाटून घेतलेले असते आणि ती यादी आदल्या रात्रीपर्यंत बदलत राहते. कोणी तिच्यात नीरफणसाची भर घालतो, तोरिंजन कुठेच मिळाले नाही म्हणून ते वगळले जाते, पाच नारळांचे सात होतात. फोंड्यात मी काही विद्यार्थ्यांना मराठीतून अँड्रॉइड शिकवतो आणि यादीचा धडा याच यादीवर देतो, कारण भर घालणे, वगळणे आणि असलेल्या नोंदीचा मजकूर बदलणे हे तिन्ही प्रकार तिच्यात पदोपदी घडतात आणि जेटपॅक कंपोझ, म्हणजे अँड्रॉइडची स्क्रीन कोटलिन भाषेतून रचण्याचे साधन, या तिन्हींना सारखीच वागणूक देत नाही.

विद्यार्थ्यांची पहिली अडचण बहुधा एकच असते. ‘भर घाला’ हे बटण दाबले, वस्तू यादीत गेल्याचे लॉगमध्ये दिसले, पण स्क्रीनवर काहीच उमटले नाही. फोन आडवा केला तेव्हा मात्र तीच वस्तू एकदम दिसू लागली. या लक्षणावरूनच रोग ओळखता येतो. यादी व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे स्क्रीनची माहिती सांभाळणाऱ्या वस्तूत, असल्यामुळे ती फोन आडवा झाल्यावरही टिकते, ॲक्टिव्हिटी, म्हणजे स्क्रीन बाळगणारा ॲपचा घटक, नव्याने उभी राहते, संपूर्ण स्क्रीन पुन्हा रचली जाते आणि त्या वेळी यादी ताजी वाचली जाते. म्हणजे डेटा पहिल्यापासून बरोबरच होता. तो बदलल्याची वर्दी कंपोझपर्यंत पोचली नव्हती. पुढचे सगळे विवेचन या वर्दीविषयी आहे.

वर्दी कोण देते

कंपोझची पहिली स्थिर आवृत्ती जुलै २०२१मध्ये आली. तिच्या मुळाशी स्नॅपशॉट नावाची व्यवस्था आहे. एखादे कंपोझेबल, म्हणजे स्क्रीनचा भाग रचणारे, फंक्शन चालत असताना ते जी जी स्टेट वस्तू, म्हणजे बदलते मूल्य जपणारी वस्तू, वाचते तिची नोंद होते: स्क्रीनच्या या भागाने ही स्टेट वाचली. पुढे त्या स्टेटमध्ये नवे मूल्य लिहिले गेले की नोंद असलेले भाग शिळे ठरतात आणि पुढच्या फ्रेमच्या वेळी तेवढेच भाग पुन्हा चालवले जातात. यालाच रिकंपोझिशन म्हणतात. वाचल्याची नोंद करवणे आणि लिहिल्याची वर्दी देणे ही दोन्ही कामे स्टेट वस्तू स्वतः करते. कोटलिनच्या म्युटेबललिस्टऑफने मिळणारी साधी ॲरेलिस्ट यांपैकी एकही काम करत नाही. तिच्यात ॲड म्हटले की वस्तू मेमरीत जाऊन बसते आणि त्याची खबर कोणालाही लागत नाही.

म्हणून विद्यार्थी पुढचे पाऊल टाकतात आणि ॲरेलिस्टला म्युटेबलस्टेटऑफमध्ये गुंडाळतात. हे गुंडाळणे पुरेसे नाही. म्युटेबलस्टेटऑफ ज्या पेटीवर पहारा ठेवते त्या पेटीत कोणती यादी ठेवलेली आहे एवढेच ती पाहते. त्या यादीच्या पोटात काय चालले आहे हे तिला दिसत नाही. पेटीतली यादी तीच राहिली आणि तिच्यात नारळ वाढला, तर पेटीच्या दृष्टीने काहीही घडलेले नसते.

यानंतरची चूक अधिक सूक्ष्म आहे आणि तिच्यापायी अनुभवी माणसांचेही तास वाया गेलेले मी पाहिले आहेत. विद्यार्थ्याला कोणीतरी सांगते की नवी प्रत करून पेटीत ठेव. तो आधी जुन्या यादीतच नारळ घालतो, मग टूम्युटेबललिस्टने तिची प्रत काढतो आणि ती प्रत पेटीत ठेवतो. तरीही स्क्रीन हलत नाही. कारण असे की म्युटेबलस्टेटऑफ नवे मूल्य स्वीकारण्यापूर्वी जुन्याशी त्याची तुलना करते आणि तिचे मूळ धोरण रचनात्मक समानतेचे, म्हणजे इक्वल्सने ताडून पाहण्याचे आहे. जुन्या यादीत नारळ आधीच घातलेला असल्यामुळे जुनी यादी आणि तिची नवी प्रत आता शब्दशः सारख्या आहेत. दोन्ही समान ठरल्यावर नवे मूल्य लिहिलेच जात नाही. क्रम उलटा हवा: आधी प्रत, मग प्रतीत बदल, मग ती प्रत पेटीत. त्याहून चांगले म्हणजे पेटीत केवळ वाचता येणारी लिस्ट ठेवावी आणि अधिक चिन्हाने नवी यादी बनवावी, म्हणजे जुन्या यादीला हात लावण्याची सोयच उरत नाही.

स्टेटफ्लोचे, म्हणजे बदलते मूल्य ऐकणाऱ्यांना पाठवत राहणाऱ्या कोटलिनच्या प्रवाहाचेही, हेच आहे. म्युटेबलस्टेटफ्लोमध्ये नवे मूल्य जुन्याशी इक्वल्सने समान निघाले तर ते पुढे पाठवले जात नाही, त्यामुळे वरची क्रमाची चूक तिथेही तशीच भोवते. तिथे अपडेट हे फंक्शन वापरून, त्याच्या आत हाती आलेल्या जुन्या यादीला अधिक चिन्हाने नवी वस्तू जोडावी. दोन ठिकाणांहून एकाच वेळी भर पडली तरी त्यामुळे एकही भर हरवत नाही.

यावर उपाय म्हणून काही जण म्युटेबलस्टेटऑफला नेव्हरइक्वलपॉलिसी देतात, म्हणजे कोणतेही मूल्य लिहिले तरी ते बदलले असेच मानावे असे सांगतात. मी हा उपाय शिकवत नाही. त्याने वर्दी जाते खरी, पण यादी तीच राहिल्यामुळे काल काय होते आणि आज काय झाले हे ताडून पाहण्याची सोय कायमची जाते, आणि पुढे आपल्याला नेमकी तीच लागणार आहे.

दोन सरळ वाटा

पहिली वाट म्हणजे न बदलणारी यादी आणि दर बदलाला तिच्या जागी नवी यादी. दुसरी वाट म्हणजे म्युटेबलस्टेटलिस्टऑफ. हे फंक्शन स्नॅपशॉटस्टेटलिस्ट नावाची यादी देते. ती दिसायला नेहमीच्या बदलत्या यादीसारखीच असते, पण वाचल्याची नोंद आणि लिहिल्याची वर्दी ही दोन्ही कामे ती स्वतः करते. तिच्या पोटात कोटलिनच्या अपरिवर्तनीय संग्रहांच्या ग्रंथालयातली पर्सिस्टंट यादी असते, म्हणजे प्रत्येक बदलासरशी आतली यादी नवी होते आणि जुनीचा जेवढा भाग वापरता येईल तेवढा ती पुन्हा वापरते. बाहेरून आपल्याला ॲड, रिमूव्ह, निर्देशांकाने नेमणे हे ओळखीचे व्यवहार करता येतात. हाती आधीच एखादी यादी असेल तर टूम्युटेबलस्टेटलिस्टने ती या रूपात आणता येते.

ही यादी व्हॅलमध्ये, म्हणजे पुन्हा न नेमता येणाऱ्या चलात, ठेवावी. तिला पुन्हा म्युटेबलस्टेटऑफमध्ये गुंडाळण्याची गरज नसते आणि गुंडाळल्यास पहारे दोन होऊन गोंधळ वाढतो. कंपोझेबलच्या आत बनवली तर रिमेंबरच्या, म्हणजे मूल्य पुढच्या फेरीसाठी जपणाऱ्या फंक्शनच्या, आत बनवावी, नाहीतर दर रिकंपोझिशनला नवी कोरी यादी जन्माला येते आणि आधीच्या भरी पुसल्या जातात. व्ह्यूमॉडेलमध्ये बनवली तर खाजगी ठेवावी आणि बाहेर लिस्ट या प्रकाराने दाखवावी. प्रकाराचे नाव साधे झाले म्हणून वर्दी थांबत नाही, कारण वस्तू तीच असते. थांबते ती फक्त स्क्रीनच्या कोडमधून यादीवर परस्पर होणारी लिखापढी.

या यादीची एक किंमत आहे आणि ती आधी ठाऊक असावी. तिचा पहारा संपूर्ण यादीवर मिळून एकच असतो. कोणी फक्त तिसरी वस्तू वाचली किंवा फक्त साइझ विचारली, तरी त्याने अख्खी यादी वाचली अशीच नोंद होते आणि नववी वस्तू बदलली तरी तो भाग पुन्हा चालतो. सहसा याने काही बिघडत नाही, कारण ओळीचे कंपोझेबल वेगळे असेल आणि त्याला मिळणारी वस्तू बदललेली नसेल तर ती ओळ वगळली जाते, म्हणजे पुन्हा चालवली जात नाही.

कोणती वाट कधी धरावी, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. यादी रूम या अँड्रॉइडच्या ग्रंथालयाने चालवलेल्या डेटाबेसमधून फ्लोच्या, म्हणजे मूल्यांच्या प्रवाहाच्या, रूपाने येत असेल तर दर बदलाला डेटाबेसच नवी यादी पाठवतो. तिथे कलेक्टॲजस्टेटविथलाइफसायकलने ती घ्यावी आणि वेगळी बदलती यादी मुळीच ठेवू नये, कारण एकाच माहितीच्या दोन प्रती झाल्या की आज ना उद्या त्या एकमेकींशी भांडतात. स्क्रीनवर तात्पुरती घडत असलेली, अजून जतन न झालेली, वारंवार फेरफार होणारी यादी असेल तर स्नॅपशॉटस्टेटलिस्ट सोयीची पडते. माटोळीची यादी रचणे हे दुसऱ्या प्रकारचे काम आहे आणि ती सगळ्या भावंडांत वाटणे हे पहिल्या प्रकारचे.

नोंदीच्या पोटातला बदल

आता पाच नारळांचे सात करू. वस्तूच्या क्लासमध्ये नाव आणि नग अशा दोन प्रॉपर्टी आहेत आणि नग ही साधी व्हार, म्हणजे थेट बदलता येणारी प्रॉपर्टी, आहे, असे समजा. यादीतली पहिली वस्तू हाती घेऊन तिचा नग सात केला, तर स्नॅपशॉटस्टेटलिस्ट असूनही स्क्रीन हलणार नाही. यादीच्या दृष्टीने पहिल्या जागी अजूनही तीच वस्तू आहे. त्या वस्तूच्या पोटात काय बदलले याचा पहारा यादीने कधी पत्करलेलाच नव्हता.

इथेही दोन वाटा आहेत. वस्तूचा क्लास डेटा क्लास करावा, त्याच्या सगळ्या प्रॉपर्टी व्हॅल ठेवाव्यात आणि नग बदलायचा झाला की कॉपीने नवी वस्तू बनवून त्याच निर्देशांकावर बसवावी. हा यादीतला बदल असल्यामुळे वर्दी जाते. किंवा वस्तूच्या आतली नग ही प्रॉपर्टीच म्युटेबलस्टेटऑफच्या आधाराने लिहावी, म्हणजे ती वस्तू स्वतःच्या नगावर स्वतः पहारा ठेवते आणि नग बदलल्यावर फक्त तो नग वाचणारी ओळ पुन्हा चालते, यादी वाचणाऱ्यांना त्याची झळही लागत नाही. दुसरी वाट कामगिरीच्या दृष्टीने नेटकी आहे, पण तिच्यात वस्तू डेटाबेसशी किंवा सर्व्हरशी बोलताना अवघडते आणि जुने-नवे ताडून पाहता येत नाही. ओळीत सरकपट्टी आहे आणि बोट ओढताना मूल्य सतत बदलते, अशा ठिकाणीच मी ती वापरतो. बाकी सर्वत्र कॉपी.

विद्यार्थी कधी कधी या दोन्ही वाटांची सरमिसळ करतात: कॉपी करण्याआधी जुन्या वस्तूचाच नग बदलतात आणि मग तिची कॉपी जागेवर बसवतात. मग ओळीला मिळालेली जुनी आणि नवी वस्तू इक्वल्सने समान निघते. यादीविषयी जे क्रमाचे पथ्य सांगितले ते वस्तूलाही तितकेच लागू आहे.

वगळण्याचे नवे वळण

जुना कोड नव्या कंपायलरवर नेताना एक बदल ध्यानात ठेवावा लागतो. कंपोझ कंपायलर लिस्ट या प्रकाराला अस्थिर मानतो, कारण त्या नावाआड बदलती यादी असू शकते. पूर्वी अस्थिर पॅरामीटर असलेले कंपोझेबल कधीच वगळले जात नसे. वरचा भाग पुन्हा चालला की तेही चालायचे. कोटलिन २.०.२०पासून स्ट्राँग स्किपिंग ही पद्धत मूळचीच चालू असते आणि तिच्यात अस्थिर पॅरामीटर रेफरन्सने ताडला जातो: वस्तू तीच असेल तर फंक्शन वगळले जाते. परिणाम असा की साधी ॲरेलिस्ट पॅरामीटर म्हणून देणारा आणि वरच्या भागातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी बदलामुळे योगायोगाने बरोबर दिसणारा कोड, कंपायलर बदलल्याबरोबर शिळी यादी दाखवू लागतो. नवी आवृत्ती बिघडलेली नसते. आधी झाकलेली चूक आता उघडी पडलेली असते. अशा वेळी स्ट्राँग स्किपिंग बंद करण्याचा मोह आवरावा आणि ती ॲरेलिस्ट शोधून काढावी.

गाळलेली यादी आणि बेरजा

‘अजून आणायच्या वस्तू’ असा वेगळा भाग दाखवायचा असतो, तेव्हा यादी गाळावी लागते. दर रिकंपोझिशनला गाळणे नको म्हणून विद्यार्थी रिमेंबरला यादी ही कळ (की) देतात आणि आत फिल्टर लिहितात. यादी स्नॅपशॉटस्टेटलिस्ट असेल तर हा कोड कायमचा गोठतो. रिमेंबर कळ बदलली का एवढेच पाहते. यादीची वस्तू तीच असल्यामुळे कळ कधीच बदलत नाही, म्हणून पहिल्यांदा गाळलेले फळच ते पुन्हा पुन्हा हाती देते. फंक्शन पुन्हा चालते आहे, हे लॉगमध्ये दिसते, आणि तरी उत्तर जुनेच येते, म्हणून ही चूक फार छळते. रिमेंबरच्या आत डिराइव्ह्डस्टेटऑफ ठेवावे आणि त्याच्या आत फिल्टर लिहावे. मग यादी बदलली की गाळलेले उत्तर पुन्हा काढले जाते आणि उत्तर खरोखर बदलले असेल तरच ते वाचणारे भाग चालतात.

डिराइव्ह्डस्टेटऑफचा खरा लाभ मूळ स्टेट वारंवार बदलते आणि उत्तर क्वचित बदलते अशा ठिकाणी होतो. ‘सगळे आणून झाले का’ याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच असते आणि यादी पन्नास वेळा बदलली तरी ते एकदाच बदलते. तिथे ते चपखल बसते. एकूण नगांची बेरीज मात्र जवळजवळ दर बदलाला बदलते, तेव्हा तिच्यासाठी साधी बेरीज लिहिली तरी चालते.

कळ बदलली की आपले काम नव्याने सुरू करणाऱ्या लाँच्डइफेक्टलाही हेच कळीचे पथ्य लागू आहे. कळ म्हणून स्नॅपशॉटस्टेटलिस्ट दिली तर तो इफेक्ट पुन्हा सुरू होत नाही. साइझ दिली तर भर आणि वगळणे कळते, पण नारळ पाचाचे सात झालेले कळत नाही, आणि एक वस्तू काढून त्याच क्षणी दुसरी घातली तर तेही निसटते.

स्क्रीनबाहेरून नजर ठेवणे

यादी बदलली की ती आपोआप जतन व्हावी, अशी मागणी येतेच. त्यासाठी स्नॅपशॉटफ्लो आहे. त्याच्या ब्लॉकमध्ये ज्या स्टेट वाचल्या जातात त्यांवर तो नजर ठेवतो, त्या बदलल्या की ब्लॉक पुन्हा चालवतो आणि उत्तर आधीच्या उत्तराहून वेगळे असेल तरच पुढे पाठवतो. या वाक्याच्या दोन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. ब्लॉकमध्ये नुसती यादी परत दिली तर पहिली अट मोडते, कारण यादीचे नाव घेणे म्हणजे ती वाचणे नव्हे, म्हणून नोंदच होत नाही. आणि समजा झाली असती तरी उत्तर म्हणून दर वेळी तीच वस्तू परत येत असल्यामुळे दुसरी अट मोडली असती. ब्लॉकमध्ये यादीवर टूलिस्ट म्हणावे. ही प्रत काढणे महाग पडेल, अशी शंका विद्यार्थी घेतात आणि ती शंका घेणे योग्यच आहे. पण स्नॅपशॉटस्टेटलिस्टचे स्वतःचे टूलिस्ट काहीही उतरवून न घेता आतली पर्सिस्टंट यादीच हाती देते, त्यामुळे यादी दहा वस्तूंची असो वा हजारांची, वेळ सारखाच लागतो. मिळालेली यादी पुढे बदलत नाही, म्हणून ती निर्धास्तपणे जपून ठेवता येते.

हा फ्लो सुरू होताच सध्याची यादी पहिल्याने पाठवतो. डेटाबेसमधून नुकतीच वाचलेली यादी लगेच परत लिहिण्यात अर्थ नसतो, म्हणून तिथे ड्रॉप हे फंक्शन एक या आकड्यासह लावावे. पाठोपाठ होणाऱ्या बदलांसाठी डिबाउन्स लावून, माणूस थोडा थांबला की मगच जतन करावे. डिबाउन्सच्या अवधीत स्क्रीन बंद झाली तर शेवटचा बदल बुडू शकतो, म्हणून हा फ्लो व्ह्यूमॉडेलच्या स्कोपमध्ये चालवावा आणि स्क्रीन पार्श्वभूमीला जाताना एकदा थेट जतन करावे.

नेमके काय बदलले

इथवर ‘यादी बदलली’ एवढे कळते. ‘नीरफणस वाढला, तोरिंजन गेले, नारळ पाचाचे सात झाले’ हे सांगण्याची सोय स्नॅपशॉटस्टेटलिस्टमध्ये नाही. ते हवे असेल तर जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवून ताडावी लागते आणि टूलिस्टने मिळणारी न बदलणारी यादी इथे कामी येते. फ्लोवर रनिंगफोल्ड लावून मागची यादी सोबत वागवावी आणि दर नव्या यादीला तीन प्रश्न विचारावेत: नव्यात आहे पण जुन्यात नाही असे कोण, जुन्यात होते पण नव्यात नाही असे कोण, दोन्हींत आहे पण मजकूर वेगळा असे कोण. ही ओळख जागेच्या क्रमांकावरून करू नये. वरून एक वस्तू काढली की खालच्या सगळ्या एकेक पायरी वर सरकतात आणि क्रमांकावरून पाहणाऱ्याला सगळी यादीच बदलल्यासारखी दिसते. नावावरूनही करू नये, कारण दोन भावांनी दोन वेळा नारळ लिहिलेला असतो. प्रत्येक वस्तूला निर्माण होतानाच एक ओळखक्रमांक द्यावा, कॉपी करताना तो तसाच राहील याची काळजी घ्यावी आणि दोन्ही याद्यांचे त्या क्रमांकावरून ॲसोसिएटबायने नकाशे करून ताडावे.

या पद्धतीची मर्यादा मात्र स्पष्टपणे समजून घ्यावी. स्नॅपशॉटफ्लो प्रत्येक बदल सांगत नाही. वर्दी निघते त्या क्षणी यादीची जी अवस्था असेल तेवढीच तो सांगतो. बटणाच्या एकाच दाबात एक वस्तू घातली आणि लगेच काढली, तर त्याच्या लेखी काहीच घडलेले नसते. जतन करण्यासाठी हे अगदी योग्य आहे, कारण जतन अंतिम अवस्थाच करायची असते. ‘कोणी, केव्हा, काय बदलले’ याची वही ठेवायची असेल, किंवा ‘मागे घ्या’ हे बटण द्यायचे असेल, तर मात्र निरीक्षणावर विसंबू नये. तिथे बदल जिथून होतो तिथेच त्याची नोंद करावी: व्ह्यूमॉडेलमध्ये भर घालणे, वगळणे आणि नग बदलणे अशी तीन फंक्शन्स असावीत, यादीवर त्यांच्याशिवाय कोणी लिहू नये, आणि प्रत्येकाने यादी बदलतानाच वहीत एक ओळ लिहावी. यादी खाजगी ठेवण्याचा आग्रह मी वर धरला तो मुख्यतः यासाठी. धाकट्या भावाने आणायचे ठरलेले कवंडळ यादीतून कोणी काढले, या प्रश्नाचे उत्तर चवथीच्या आदल्या रात्री द्यायचे असेल, तर दोन अवस्थांच्या फरकातून ते कधीच मिळणार नाही. कारण फरकाला काय गेले ते कळते, कोणी नेले ते कळत नाही.

लांब यादी आणि तिच्या कळा

कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत उतरणाऱ्या घरांची यादी शंभराच्या पुष्कळ पुढे जाते. अशी यादी लेझीकॉलममध्ये, म्हणजे दिसतात तेवढ्याच ओळी रचणाऱ्या स्तंभात, दाखवावी आणि आयटम्सला की हे पॅरामीटर अवश्य द्यावे. ते न दिल्यास ओळीची आतली स्थिती जागेशी बांधलेली राहते: तिसऱ्या ओळीचा तपशील उघडून ठेवला आणि पहिली ओळ काढली, की उघडा तपशील भलत्याच वस्तूखाली दिसतो. वर दिलेला ओळखक्रमांकच कळ म्हणून वापरावा. दोन ओळींची कळ एकच निघाली तर ॲप तिथेच कोसळते, आणि अँड्रॉइडवर कळ बंडलमध्ये, म्हणजे स्क्रीनची स्थिती जपण्याच्या थैलीत, मावणाऱ्या प्रकाराची असावी लागते. पूर्णांक किंवा स्ट्रिंग असेल तर प्रश्न येत नाही.

आणून झालेल्या वस्तू एकदम काढताना यादीवर फॉर फिरवत आत रिमूव्ह लिहू नये. फिरत असतानाच यादी बदलली की कॉनकरंटमॉडिफिकेशनचा अपवाद फेकला जातो. रिमूव्हऑलला अट द्यावी.

दुसऱ्या थ्रेडवरून येणारा बदल

सर्व्हरवरून भावंडांची ताजी यादी आली की क्लिअर आणि ॲडऑल असे दोन बदल पाठोपाठ केले जातात. हे काम मुख्य थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन चालवणाऱ्या धाग्यावर, असेल तर मध्ये कोणी शिरत नाही. पार्श्वभूमीच्या थ्रेडवर असेल तर या दोहोंच्या मध्ये एखादी फ्रेम रचली जाऊन क्षणभर रिकामी यादी दिसू शकते. स्नॅपशॉटच्या विथम्युटेबलस्नॅपशॉट या फंक्शनमध्ये दोन्ही बदल ठेवले की ते एकदमच प्रकट होतात. पण तेवढ्यात मुख्य थ्रेडवरून कोणी त्याच यादीत लिहिले तर दोन बदलांचा संघर्ष होतो आणि यादींसाठी तो मिटवण्याचे धोरण कंपोझपाशी नसल्यामुळे अपवाद फेकला जातो. म्हणून माझा सल्ला साधा आहे: सर्व्हरची यादी पार्श्वभूमीला तयार करावी, तिचे ओळखक्रमांक तिथेच ताडावेत, आणि स्टेटवरची शेवटची लिखापढी मात्र मुख्य थ्रेडवर आणून करावी. एका यादीचा लेखक एकच असावा.

इतर चौकटींतून येणाऱ्यांसाठी

हाच प्रश्न इतरत्रही आहे, फक्त त्याचे उत्तर प्रत्येकाने वेगळ्या जागी दिले आहे. रिॲक्टमध्ये यूजस्टेटला तीच ॲरे परत दिली तर काही बदलले नाही असे मानले जाते, म्हणून तिथे नवी ॲरेच द्यावी लागते. फ्लटरच्या व्हॅल्यूनोटिफायरमध्ये ठेवलेल्या यादीत ॲड केले तर तो ऐकणाऱ्यांना कळवत नाही. वेबसाठीच्या व्ह्यू (Vue) या चौकटीची दुसरी आवृत्ती पुश, स्प्लाइस यांसारख्या सात पद्धतींवर स्वतःचे आवरण घालून बदल पकडत असे, पण निर्देशांकाने केलेली थेट नेमणूक तिला दिसत नसे. तिसऱ्या आवृत्तीत प्रॉक्सी आल्यावर ती उणीव भरून निघाली. स्विफ्टयूआयमध्ये ॲरे हा मूल्यप्रकार असल्यामुळे तिच्यातली भर आपोआप कळते, पण ॲरेत क्लासच्या वस्तू असतील तर त्यांच्या पोटातला बदल वेगळा पाहावा लागतो. तिथून कंपोझकडे येणाऱ्याने आपली सवय कोणत्या पातळीवरच्या पहाऱ्याची आहे, यादीच्या की नोंदीच्या, हे आधी तपासावे.

पडताळणी

लिहिलेले बरोबर आहे का हे चाचणीने पाहावे. व्ह्यूमॉडेलच्या युनिट टेस्टमध्ये स्नॅपशॉटफ्लो तपासताना बहुतेकांना एक अनुभव येतो: पहिली यादी मिळते, त्यानंतर कितीही बदल केले तरी फ्लो गप्प बसतो आणि टेस्ट वेळ संपून पडते. चालू ॲपमध्ये स्नॅपशॉटचे बदल जाहीर करण्याचे काम कंपोझची यंत्रणा पडद्यामागे करत असते. साध्या युनिट टेस्टमध्ये ती यंत्रणा उभीच नसते, त्यामुळे बदल होतात पण जाहीर होत नाहीत. प्रत्येक बदलानंतर स्नॅपशॉटवरचे सेंडअप्लायनोटिफिकेशन्स हे फंक्शन स्वतः बोलवावे, मग फ्लो हलतो. टेस्ट लिहिताना चार प्रसंग वेगवेगळे तपासावेत: भर घातल्यावर, वगळल्यावर, केवळ नग बदलल्यावर, आणि एकच वस्तू घालून लगेच काढल्यावर. चौथ्या प्रसंगात ते फंक्शन दोन्ही बदल झाल्यावर एकदाच बोलवावे. तिथे फ्लोने काहीही न पाठवणे आणि वहीत मात्र दोन ओळी असणे हेच बरोबर उत्तर आहे. तिसरा प्रसंग पडला तर नग कुठेतरी साध्या व्हारमध्ये उरलेला आहे, असे समजून आधी वस्तूचा क्लास उघडून पाहावा.